फौजदारी दप्तर आणि सामान्य माणूस

न्यायालय म्हटलें कीं न्यायाधीश, वकील आणि साक्षीदार एवढींच माणसें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु खटला निकालांत निघून ही सर्व मंडळी आपापल्या घरीं गेली, म्हणजे मागें कागदांचा एक गठ्ठा उरतो. फिर्याद, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, रोजनामा, निकालपत्र असें सारें त्यांत असतें. दहा-वीस वर्षांनीं एखाद्या माणसाची अब्रू त्या गठ्ठ्याच्याच भरंवशावर उभी राहते. तालुक्याच्या गांवच्या फौजदारी न्यायालयांतील हा गठ्ठा शोधावा कसा आणि त्यांतील कागदाची नक्कल मागावी कशी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपण म्हणाल, आम्ही शहरांत राहणारीं माणसें, आमचा तालुक्याच्या न्यायालयाशीं काय संबंध? संबंध असा, कीं आपल्यापैकीं पुष्कळांचें बिऱ्हाड शहरांत असलें तरी शेत, भाऊबंद आणि भाऊबंदांचे तंटे गांवींच राहिलेले असतात. बांधावरून हाणामारी होते, फिर्यादींत सात जणांचीं नांवें घातलीं जातात, आणि सुटींत गांवीं गेलेल्या कॉलेजांतील मुलाचेंहि नांव त्यांत येतें. तीन-चार वर्षांनीं सर्वजण निर्दोष सुटतात. घरांत पेढे वाटले जातात; निकालपत्राची नक्कल घेऊन ठेवावी हें मात्र कोणाच्याच मनांत येत नाहीं. पुढें मुलगा सरकारी नोकरीसाठीं निवडला जातो, आणि चारित्र्य-पडताळणीच्या फॉर्मवर प्रश्न असतो: आपणांवर कधीं फौजदारी खटला झाला होता काय? येथें ‘नाहीं’ असें लिहिणें आत्मघाताचें आहे. अवतार सिंग यांच्या प्रकरणांत २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगून ठेविलें आहे कीं उमेदवारानें दिलेली माहिती खरीच असली पाहिजे, मग तो सुटलेला असो, शिक्षा झालेला असो, वा त्याचा खटला चालू असो. आणि खरी माहिती दिली तरी त्याच्या पूर्ववृत्ताचा विचार करण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला राहतोच. हा विचार करतांना सुटका कशी झाली तें पाहिलें जातें. पुरावाच नव्हता, कीं केवळ संशयाचा फायदा मिळाला? ‘सुटलों’ एवढ्या एका शब्दानें तेथें भागत नाहीं. निकालपत्रच दाखवावें लागतें.

मी खेड्यांतल्या शाळेंत शिकवीत होतों त्या काळांत असे अर्ज लिहून घेण्यासाठीं लोक माझ्याकडे येत. त्यांतील बहुतेकांजवळ माहिती एवढीच असे: ‘ती मारामारीची केस, जत्रेच्या सालची.’ दप्तराला जत्रा समजत नाहीं. त्याला नंबर आणि वर्ष समजतें. म्हणून पहिलें काम अर्जाचें नव्हे, खटल्याचें खरें नांव शोधण्याचें आहे.

आपल्या महाराष्ट्रांत एकाच घटनेला दोन किंवा तीन नंबर मिळतात, हें ध्यानांत घ्यावें. पोलीस ठाण्यांत फिर्याद नोंदली गेली कीं तिला गुन्हा रजिस्टर नंबर पडतो. व्यवहारांत त्याला गु. र. नं. म्हणतात, आणि तो ४५/२००९ अशा रीतीनें वर्षासह लिहितात. तपास होऊन दोषारोपपत्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाखल झालें म्हणजे तेथें अगदीं वेगळा नंबर मिळतो. तो आर. सी. सी. म्हणजे रेग्युलर क्रिमिनल केस या सदराखालीं असतो, किंवा संक्षिप्त रीतीनें चालवावयाच्या खटल्यांच्या एस. सी. सी. या सदराखालीं असतो. खुनासारखा गुन्हा असेल तर न्यायदंडाधिकारी तो खटला सत्र न्यायालयाकडे सोपवितात, आणि तेथें त्याला तिसरा नंबर मिळून सारे कागद तिकडे जातात. म्हणून तालुक्याच्या न्यायालयांत ‘असा खटला येथें नाहीं’ असें उत्तर मिळालें तर निराश होऊं नये. तो कोठें सोपविला गेला, एवढेंच पुढें विचारावें.

पक्षकारांच्या नांवाचाहि असाच एक घोटाळा आहे. पोलिसांनीं चालविलेल्या खटल्यांत फिर्यादी कोणीहि असला तरी दप्तरांत नोंद ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ अशीच होते. तेव्हां मार खाल्लेल्या माणसाच्या नांवानें शोधीत बसल्यास कांहीं सांपडणार नाहीं. आरोपीचें नांव पाहिजे. उलट चेक न वटल्याबद्दलची फिर्याद, किंवा दुसरी कोणतीहि खाजगी फिर्याद असेल, तर तेथें फिर्यादी स्वतःच पक्षकार असतो आणि त्याच्या नांवानें खटला सांपडतो.

कांहीं प्रकरणें तर खटला या पायरीपर्यंत येतच नाहींत. तपासांत आरोपी सांपडला नाहीं, फिर्याद खोटी ठरली, किंवा गैरसमजानें दिलेली अथवा दिवाणी स्वरूपाची निघाली, तर आपल्याकडील पोलीस अनुक्रमें ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ समरी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवितात. त्यावर होतो तो केवळ हुकूम. निकालपत्र असें नसतेंच. अशा माणसानें समरी मंजूर झाल्याच्या हुकुमाची नक्कल मागावी. तसेंच ज्यांना लोक ‘चॅप्टर केस’ म्हणतात, त्या शांतता राखण्यासाठीं जामीन घेण्याच्या कारवाया ग्रामीण भागांत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढें चालतात. त्यांचें दप्तर न्यायालयांत नसून तहसील कचेरींत किंवा प्रांत कचेरींत असतें. आजोबांच्या काळचा खटला शोधणाऱ्यानेंहि हा भेद विसरूं नये. मुंबई राज्यांत न्यायाचें काम आणि कारभाराचें काम वेगळें काढणारा कायदा १९५१ सालीं झाला. तत्पूर्वीं मामलेदार हेच दंडाधिकारी म्हणूनहि बसत, आणि त्या काळचे कागद मोडींत लिहिलेलेहि असूं शकतात.

आतां नंबर मिळवावा कसा? आज हें काम घरबसल्या पुष्कळ अंशीं होतें. ई-कोर्ट्स या सरकारी संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि न्यायालयाची इमारत निवडून आरोपीचें नांव व वर्ष घातलें, किंवा पोलीस ठाणें व गु. र. नं. घातला, कीं खटल्याची नोंद पुढें येते. तेथें ‘प्रलंबित’ आणि ‘निकाली’ असे दोन विभाग असतात. जुना खटला शोधणारे कित्येक लोक प्रलंबितांतच धुंडाळीत बसतात आणि खटला नाहींच असें समजून संगणक बंद करतात. दुसरी अडचण इंग्रजी अक्षरजुळणीची. ‘गायकवाड’ हें एकच नांव तीन-चार तऱ्हांनीं लिहिलें जातें, म्हणून नांवाचा लहानसा तुकडा घालून पाहावें. खटला सांपडला कीं त्याचा सोळा अक्षरांचा सी. एन. आर. नंबर लिहून घ्यावा. देशांत त्या नंबराचा दुसरा खटला नसतो. तथापि संगणक येण्यापूर्वींच्या खटल्यांची नोंद तेथें असेलच असा भरंवसा धरतां येत नाहीं. तेथें पोलीस ठाण्यांतील गु. र. नं., जुनें समन्स, जामिनाचा कागद, किंवा त्या वेळच्या वकिलांची डायरी यांचाच आधार. संकेतस्थळावरून छापून घेतलेलें निकालपत्र वाचावयास ठीक आहे. परंतु ती प्रमाणित नक्कल नव्हे, आणि नेमणुकीच्या कचेरींत तिचा उपयोग होईलच असें नाहीं.

येथवर शोध झाला. आतां हक्काचा प्रश्न. फौजदारी खटला उघड्या न्यायालयांत चालतो, आणि कांहीं अपवाद सोडल्यास कोणाहि नागरिकास तेथें जाऊन बसतां येतें. त्यावरून खटल्याचे कागदहि तसेच कोणालाहि मिळतील असें वाटतें. पण कायद्याची रचना तशी नाहीं. जुनी १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे, आणि तिच्या ४०४ व्या कलमांत याची व्यवस्था आहे. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालपत्राची नक्कल निकालानंतर ताबडतोब व फुकट मिळावयाची असते. निकालाचा किंवा हुकुमाचा ज्याच्यावर परिणाम झाला आहे अशा कोणाहि व्यक्तीला, अर्ज करून आणि ठरलेला आकार भरून, निकालपत्राची, साक्षीची वा दप्तरांतील इतर भागाची नक्कल मिळते. ज्याचा खटल्याशीं असा संबंध नाहीं, त्याला मात्र उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणें जावें लागतें. म्हणजे आपणांस कागद कशासाठीं हवा तें सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ येथें माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकतात आणि तो फेटाळला गेला म्हणजे रागावतात. गुजरात उच्च न्यायालयासंबंधींच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च २०२० रोजीं हा प्रश्न निकालांत काढला आहे. खटल्यांतील कागदांच्या नकलांसाठीं न्यायालयाचे स्वतःचे नियम असतील तर त्यांच्याच वाटेनें गेलें पाहिजे. २००५ चा माहिती अधिकार कायदा तेथें चालत नाहीं. हा निर्णय मला पुरता रुचत नाहीं, कारण खेड्यांतल्या माणसाला कारणासह अर्ज आणि प्रतिज्ञालेख या गोष्टी वकिलावांचून जमत नाहींत. पण कागद हातीं पाहिजे असेल तर ज्या वाटेनें तो मिळतो तीच धरावी, हें शहाणपणाचें.

प्रत्यक्ष अर्ज साधा असतो. न्यायालयाचें नांव, खटल्याचा नंबर व वर्ष, दोन्हीं पक्षकारांचीं नांवें, निकालाची तारीख, आपण खटल्यांत कोण होतों, आणि कोणता कागद हवा, एवढें लिहून वर कोर्ट फी स्टँप लावावा. ‘सर्व कागद मिळावेत’ असें लिहिण्याची आपल्याकडे फार खोड आहे. त्यामुळें आकार वाढतो, दिवस वाढतात, आणि हवा असतो तो एकच कागद. खटल्यांतील प्रत्येक दस्तऐवजाला निशाणी नंबर असतो. तो ठाऊक असल्यास अर्जांत द्यावा. नक्कल लिहिणाऱ्या कारकुनाच्या नांवानें बोटें मोडण्यापूर्वीं आपण त्याला पुरती माहिती दिली आहे काय, हेंहि पाहावें. निकाली दप्तर जिल्ह्याच्या अभिलेख-कक्षाकडे गेलेलें असेल तर तें मागविण्यांत वेळ जातो, आणि त्याला तो बिचारा काय करणार?

हातीं आलेल्या नकलेवर तीन तारखा असतात: अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची. या तारखांना मोठें महत्त्व आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांनीं दिलेल्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयांत अपील करण्यास तीस दिवस असतात, आणि उच्च न्यायालयांत अपील करावयाचें तर साठ. नक्कल मिळण्यास लागलेले दिवस या मुदतींतून वजा होतात. मात्र नक्कल तयार असूनहि आपण ती घ्यावयास गेलों नाहीं, तर ते दिवस आपल्याच खात्यावर पडतात. २००९ सालच्या अखेरीपासून गुन्ह्याला बळी पडलेल्या व्यक्तीलाहि आरोपीच्या सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क मिळाला आहे; तेव्हां ही काळजी तिच्या घरच्यांनींहि घ्यावी.

कांहीं कागदांवर पडदा असतो, आणि तो असलाच पाहिजे. बलात्काराच्या व बालकांवरील अत्याचाराच्या खटल्यांत पीडितेची ओळख उघड करणें हा गुन्हा आहे, म्हणून तसल्या फिर्यादी पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवीत नाहींत. अल्पवयीन मुलाच्या हातून कांहीं घडलें असेल, तर २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें, घोर अपराधाची कांहीं प्रकरणें वगळतां, त्याच्या दोषाची नोंद ठराविक काळानंतर नष्ट करावयाची असते. अशा मुलाच्या जुन्या चुकीचा कागद धुंडाळणाऱ्या भावी सासऱ्यांना तो मिळत नाहीं, याचें मला तरी समाधान आहे.

राहिला प्रश्न काळाचा. न्यायालयाचे सर्व कागद कायमचे राहत नाहींत. १९१७ च्या एका कायद्यान्वयें केलेल्या नियमांप्रमाणें दप्तराचे वर्ग पाडून किरकोळ कागद आधीं नष्ट केले जातात. म्हणून वीस वर्षांपूर्वींच्या खटल्यांतील साक्षी मिळाल्या नाहींत तरी निकालपत्राची मागणी सोडूं नये, आणि तेंहि नसेल तर खटल्याच्या नोंदवहींतील उताऱ्यासाठीं अर्ज करावा. ‘दप्तर नष्ट झालें’ असें तोंडीं उत्तर मिळाल्यास तेवढ्यावर परतूं नये; तसा लेखी शेरा आपल्या अर्जावर मागून घ्यावा. पडताळणीच्या कचेरींत नोंदवहीचा उतारा आणि हा शेरा हे दोन्हीं कागद एकत्र जोडून द्यावेत, आणि देण्यापूर्वीं त्यांच्या झेरॉक्स प्रती घरीं ठेवाव्यात.