गालिचा विकण्याआधी त्याची नक्षी वाचायला शिका

जुन्या चिनी गालिच्यांच्या व्हिडिओतला मुख्य मुद्दा इथे लिहून ठेवतो.

माझ्या दुकानात एकदा जुना निळा-पांढरा चिनी गालिचा आला होता. त्यावरची वटवाघळं बघून एका ताईंनी विचारलं, "घरात हे अशुभ नाही का?" मी ठोकून दिलं, "अहो ताई, फुलपाखरं आहेत ती!" त्यांनी वाकून नीट पाहिलं आणि निघून गेल्या. गिऱ्हाईक गेलं आणि विश्वासही गेला.

खरं उत्तर किती सोपं होतं बघा. चिनी भाषेत 'वटवाघूळ' आणि 'सौभाग्य' या दोन्ही शब्दांचा उच्चार 'फू' असाच आहे. म्हणून तिकडे वटवाघूळ शुभ! पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं. तसंच पिओनीचं फूल समृद्धीचं आणि कमळ पावित्र्याचं.

आता दुसरा प्रकार. १९२० आणि १९३० च्या दशकांत तिआनजिन शहरात वॉल्टर निकोल्स या अमेरिकन व्यावसायिकाच्या कारखान्यात जाड लोकरीचे 'आर्ट डेको' गालिचे विणले जायचे. रंग भडक, मधली जागा बरीचशी मोकळी आणि फुलं कोपऱ्यांत. कारण माल अमेरिकन घरांत जायचा. गिऱ्हाईक बदललं, तशी नक्षी बदलली.

म्हणून माल घेतानाच तीन प्रश्न विचारा: कुठला, कधीचा, नक्षीचा अर्थ काय? उत्तर माहीत नसेल, तर "विचारून सांगतो" म्हणा. थाप मारू नका. ती मला फार महाग पडली.