मानखुर्दची पूर्व कोणती?

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, यांपैकी कुठलाही पत्ता सांगा, "पूर्वेला की पश्चिमेला?" हा प्रश्न आधी येतो. तिथे रूळ साधारण दक्षिणोत्तर धावतात, म्हणून हे चालून जाते. मानखुर्दला मात्र हार्बर मार्ग पूर्वेकडे, खाडीपलीकडच्या वाशीकडे निघालेला असतो. रुळांच्या दोन बाजू इथे उत्तर-दक्षिणेला अधिक जवळच्या. सकाळी फलाटावर उभे राहिले की कळते, मुंबईकराची 'पूर्व' सूर्यावरून नव्हे, रुळांवरून ठरते!

वस्तू कुठे आहे हे सांगायच्या मुख्य रीती तीन. आपल्या शरीरावरून (डावीकडे, उजवीकडे), एखाद्या खुणेवरून (देवळामागे, रुळांपलीकडे) आणि पृथ्वीवरून (दिशा किंवा जमिनीचा उतार). मराठीत तिन्ही आहेत. शेताच्या खरेदीखतात चतुःसीमा दिशांनीच लिहितात. 'डावीकडे अमक्याचे शेत' असे लिहिले तर तोंड फिरवताच शेत बदलेल. कोकणात किनाऱ्यालगतची सखल पट्टी ती खलाटी आणि डोंगराकडची ती वलाटी. तिथे उतार हीच दिशा. (संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे 'उजवा' असाही अर्थ आहे. उगवतीकडे तोंड केले की उजवा हात कुठे जातो ते पाहा.)

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधील गूगू यिमिधिर भाषेत मात्र जागा सांगताना डावे-उजवे वापरतच नाहीत. (कॅप्टन कुकने १७७० साली 'कांगारू' हा शब्द याच लोकांकडून टिपला.) आपण जिथे 'जरा उजवीकडे सरक' म्हणू तिथे ते 'जरा पूर्वेला सरक' म्हणतात. मेक्सिकोतील डोंगराळ भागातले त्सेल्ताल भाषक तर मेजावरच्या बाटलीची जागाही 'चढाकडे', 'उताराकडे' अशी सांगतात, मेज सपाट असले तरी!

असे बोलणाऱ्यांच्या मनातही जागा वेगळी नोंदली जाते का? नेदरलँड्समधील स्टीफन लेव्हिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात यासाठी एक सोपा प्रयोग केला. तो वर्गातही करता येईल. मुलाला उत्तरेकडे तोंड करून मेजासमोर उभे करा. मेजावर गाय, घोडा, कुत्रा अशी खेळणी एका ओळीत, सर्वांची तोंडे उजवीकडे, म्हणजे पूर्वेला. नीट पाहू द्या, मग खेळणी उचला. थोडे थांबून मुलाला पाठीमागच्या मेजाकडे वळवा आणि एवढेच सांगा, "मघासारखेच मांड." प्राण्यांची तोंडे पुन्हा उजवीकडे केली, तर ती आता पश्चिमेला झाली. पूर्वेलाच ठेवली, तर डावीकडे झाली. दोन्ही मांडण्या बरोबरच आहेत.

डच भाषकांनी बहुतेक वेळा उजवी बाजू राखली, त्सेल्ताल भाषकांनी दिशा राखली. मला सर्वांत बोलकी वाटते ती तमिळ भाषकांची नोंद. एरिक पेडरसन यांना खेड्यातले तमिळ भाषक दिशांनी बोलणारे आणि दिशा राखणारे आढळले, शहरातले डाव्या-उजव्याने. भाषा एकच, सवय निराळी! तेव्हा भाषा मनाला साच्यात घालते असे सरसकट म्हणता येत नाही. पेगी ली आणि लीला ग्लाइटमन यांनी २००२ साली दाखवले की आजूबाजूला ठळक खुणा असल्या-नसल्या तरी अमेरिकन विद्यार्थ्यांची उत्तरे बदलतात. लेव्हिन्सन यांना ते पटले नाही. वाद अजून आहे.

आपल्या दृष्टीने प्रश्न नकाशाचा आहे. भारताचा नकाशा वर्गाच्या दक्षिणेकडील भिंतीवर टांगला असेल, तर त्यावरची पूर्व मुलाच्या उजवीकडे येते आणि सूर्य उगवतो डावीकडे. गावाकडून मानखुर्दला आलेली, घरी 'उगवतीला', 'मावळतीला' ऐकत वाढलेली मुलगी बंगालचा उपसागर दाखवायला डावीकडे हात करते आणि तिला 'दिशा कळत नाहीत' असा शेरा मिळतो. वास्तविक तिचा हात बरोबर दिशेला गेलेला असतो. उलट शेजारचा मुलगा 'उत्तर कुठे?' म्हणताच छताकडे बोट दाखवतो, कारण नकाशात उत्तर 'वर' असते.

यावर उपाय बिनखर्चाचा आहे. नकाशा भिंतीवरून उतरवून जमिनीवर पसरा आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला जुळवा. मुलांना भोवती चारही बाजूंनी बसवा, म्हणजे कोणाला तो उलटा दिसेल, कोणाला आडवा. मग प्रत्येकाला वाशी, कुर्ला आणि आपले गाव कुठल्या दिशेला आहे ते हाताने दाखवायला सांगा. नकाशा परत टांगताना शक्य असल्यास उत्तरेकडची भिंत निवडावी.