निर्धाव षटकांचा हिशेब

‘कसोटी क्रिकेटमध्ये धाव न देता सलग सर्वाधिक चेंडू कोणी टाकले?’ असा प्रश्न विचारला, की क्रिकेटचे बहुतेक जाणकार क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देतात : बापू नाडकर्णी. नाशिकमध्ये या उत्तराला अभिमानाचीही जोड असते, कारण रमेशचंद्र गंगाराम ऊर्फ बापू नाडकर्णी यांचा जन्म ४ एप्रिल १९३३ रोजी नाशिक येथे झाला. तरीही हे उत्तर चुकीचे आहे. प्रश्नातील ‘चेंडू’ हा शब्द काढून त्या जागी ‘निर्धाव षटके’ हे शब्द घातले, तर मात्र तेच उत्तर अचूक ठरते.

क्रीडाप्रेमींच्या ज्ञानाची खरी कसोटी अशा ठिकाणी लागते. नावे आणि आकडे पाठ असणारे पुष्कळ असतात. आकडा कोणत्या मापाने मोजला आहे, हे ध्यानात ठेवणारे थोडे. व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. ‘भाव शंभर रुपये’ एवढ्याने सौदा पुरा होत नाही. भाव किलोचा की डझनाचा, रोखीचा की उधारीचा, हे वहीत आलेच पाहिजे. विक्रमांच्या वहीलाही हाच नियम लागू आहे.

मद्रासमधील तिसरा दिवस

जानेवारी १९६४ मध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यातील पहिला कसोटी सामना मद्रासच्या कॉर्पोरेशन स्टेडियमवर खेळला गेला. बुधी कुंदरन यांच्या १९२ आणि विजय मांजरेकर यांच्या १०८ धावांच्या बळावर भारताने ७ बाद ४५७ धावांवर डाव घोषित केला. १२ जानेवारीला, सामन्याच्या तिसऱ्या दिवशी, ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन ही जोडी बचावात्मक पवित्रा घेऊन खेळत असताना डावखुऱ्या फिरकीचे बापू गोलंदाजीला आले. त्यानंतर एकामागून एक अशी २१ षटके निर्धाव गेली. सलग १३१ चेंडूंवर, म्हणजे २१ पूर्ण षटके आणि वर पाच चेंडू, त्यांच्या खात्यावर एकही धाव चढली नाही. डाव संपला तेव्हा त्यांचे पृथक्करण होते : ३२ षटके, त्यांपैकी २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी.

ही अचूकता एका दिवसाची नव्हती. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणे ठेवून त्याच जागी पुन्हा पुन्हा चेंडू टाकण्याची बापूंची सवय सर्वश्रुत आहे. ४१ कसोटी सामन्यांच्या कारकिर्दीत त्यांनी दर षटकामागे सरासरी १.६७ धावा दिल्या. १९६०-६१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेतही कानपूरला ३२ षटकांत २३ आणि दिल्लीला ३४ षटकांत २४ धावा, असा त्यांचा हिशेब होता.

आठ चेंडूंचे षटक

मग पहिल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर कोणते? दक्षिण आफ्रिकेचे ऑफस्पिन गोलंदाज ह्यू टेफील्ड. इंग्लंडविरुद्धच्या १९५६-५७ च्या मालिकेत दरबान येथे त्यांनी सलग १३७ चेंडू धाव न देता टाकले. हे बापूंपेक्षा सहा चेंडू अधिक आहेत. परंतु त्या काळी दक्षिण आफ्रिकेत एक षटक आठ चेंडूंचे असे. त्यामुळे टेफील्ड यांचे १३७ चेंडू सतरा षटकांहून जेमतेम एक चेंडू अधिक होतात, तर बापूंचे १३१ चेंडू बावीस षटकांच्या जवळ जातात. चेंडू मोजले तर टेफील्ड पुढे, षटके मोजली तर नाडकर्णी पुढे. दोन्ही विधाने सत्य आहेत. मात्र प्रत्येक आपापल्या मापाने.

जैन वाचकाला येथे स्याद्वादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘स्यात्’ या शब्दाचा अर्थ ‘कदाचित’ असा लावला जातो आणि हे दर्शन संशयाचे आहे, असा गैरसमज होतो. आचार्यांनी मात्र त्याचा अर्थ ‘कथंचित्’, म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने, असा स्पष्ट केला आहे. बापूंचा विक्रम ‘कदाचित’ श्रेष्ठ आहे असे कोणी म्हणणार नाही. षटकांच्या अपेक्षेने तो निश्चितपणे श्रेष्ठ आहे आणि चेंडूंच्या अपेक्षेने तो निश्चितपणे श्रेष्ठ नाही. अपेक्षा सांगितली की वाद मिटतो. लपवली की दोन्ही बाजूंचे लोक खरे बोलत असूनही भांडत राहतात.

‘निर्धाव’ या शब्दालाही अशीच अट आहे. बाय किंवा लेगबायच्या रूपाने धावा निघाल्या तर त्या संघाच्या धावसंख्येत मिळतात, पण गोलंदाजाच्या नावे पडत नाहीत. म्हणजे धावफलक हलला तरी षटक निर्धाव राहू शकते. वाइड आणि नोबॉलच्या धावाही पूर्वी गोलंदाजाच्या खाती लिहिल्या जात नसत. त्या तशा लिहिण्याची पद्धत १९८० च्या दशकात रूढ झाली. म्हणून जुने पृथक्करण नव्याशी ताडून पाहताना खर्च कोणाच्या नावे टाकण्याची रीत होती, हे आधी पाहावे लागते. गुणलेखकाचे काम कीर्द-खतावणीहून फारसे वेगळे नाही. फलंदाजांच्या धावा आणि अवांतर यांची बेरीज संघाच्या धावसंख्येशी जुळली पाहिजे, आणि गोलंदाजांच्या नावे पडलेल्या धावा तिच्याशी पडताळता आल्या पाहिजेत. तेरीज जुळत नसेल तर चूक शोधल्याविना वही मिटता येत नाही.

एका शब्दाने बदललेली नोंद

अट बदलली की उत्तर बदलते. काळ बदलला तरीही उत्तर बदलते. भाऊसाहेब निंबाळकर यांच्याविषयीचा एक लोकप्रिय प्रश्न याचे उत्तम उदाहरण आहे.

डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड हा रणजी सामना सुरू होता. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपल्यावर महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा उभारल्या. त्यांत निंबाळकर यांच्या नाबाद ४४३ धावा होत्या. कमल भांडारकर यांच्यासह त्यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी केली. त्या वेळचा जागतिक विक्रम डॉन ब्रॅडमन यांच्या १९३० मधील नाबाद ४५२ धावांचा होता. तो गाठण्यास नऊ आणि ओलांडण्यास दहा धावा हव्या होत्या. परंतु तिसऱ्या दिवशी खेळाच्या मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम नोंदला जावा, हे त्यांना मान्य नव्हते. निंबाळकर नाबादच राहिले आणि पुढे अधिकृत कसोटी सामना त्यांच्या वाट्याला कधी आला नाही. त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजी कोल्हापूरला झाला होता. ९३ वा वाढदिवस एका दिवसावर असताना, ११ डिसेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

‘एका डावात चारशेहून अधिक धावा करूनही कसोटी न खेळलेला एकमेव फलंदाज कोण?’ या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे ‘निंबाळकर’ हेच होते. जुलै २०२२ मध्ये ग्लॅमॉर्गनच्या सॅम नॉर्थईस्ट यांनी लिस्टरशायरविरुद्ध नाबाद ४१० धावा केल्या. त्यांनीही कसोटी सामना खेळलेला नव्हता. त्या दिवशी प्रश्नातील ‘एकमेव’ हा शब्द कालबाह्य झाला. जुन्या पुस्तकातून प्रश्न उचलणारा परीक्षक येथे स्वतःच नापास होतो. रणजी करंडकातील सर्वोच्च खेळी हा निंबाळकरांचा मान मात्र टिकून राहिला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉ यांनी आसामविरुद्ध ३७९ धावा केल्या, तरी त्या शिखरापासून ते ६४ धावा दूरच होते.

व्यापारी घरांना जवळचे वाटावे असे आणखी एक नाव म्हणजे विजय मर्चंट. मुंबईच्या ठाकरसी या उद्योजक घराण्यातील या फलंदाजाचे मूळ आडनाव ठाकरसी. शाळेत वडिलांच्या व्यवसायाची चौकशी झाली आणि ‘मर्चंट’ हा शब्दच आडनाव म्हणून नोंदला गेला, अशी हकिकत सांगितली जाते. प्रथम श्रेणी सामन्यांतील त्यांची सरासरी ७१.६४. ब्रॅडमन यांच्या ९५.१४ नंतर मर्चंट यांचा क्रमांक दुसरा, हे वाक्य सर्वत्र आढळते. त्यालाही अट आहे : कारकिर्दीत किमान ठरावीक डाव किंवा धावा असलेल्यांचीच ही यादी असते. ती अट काढली, तर दोन-चार सामने खेळून नाबाद राहिलेला एखादा अपरिचित खेळाडू सर्वांच्या वर जाऊन बसेल.

अमेरिकेतील एकसष्ट

असा पेच केवळ क्रिकेटमध्येच पडतो असे नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या आकड्यांवर क्रिकेटइतकेच, किंबहुना अधिक, प्रेम केले जाते. त्या खेळाचा गुणतक्ता रूढ करणारे हेन्री चॅडविक हे जन्माने इंग्रज होते आणि क्रिकेटचे वृत्तांकन करता करता बेसबॉलकडे वळले होते. १९२७ मध्ये बेब रूथ यांनी एका हंगामात ६० होमरन केले. १९६१ मध्ये रॉजर मॅरिस यांनी ६१ केले. तेव्हा वाद पेटला, कारण रूथ यांच्या काळी हंगाम १५४ सामन्यांचा होता आणि मॅरिस यांच्या वेळी तो १६२ सामन्यांचा झाला होता. बेसबॉलचे तत्कालीन आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी, १५४ सामन्यांत विक्रम न मोडल्यास दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, अशी भूमिका घेतली. मॅरिस यांच्या पराक्रमावर ही अट दीर्घकाळ सावलीसारखी राहिली. १९९१ मध्ये ती अधिकृतपणे दूर करण्यात आली. त्यापूर्वी, १९८५ मध्येच, मॅरिस यांचे निधन झाले होते.

अट नोंदवणे प्रामाणिकपणाचे आहे. पण अटीचा उपयोग एखाद्याचे श्रेय कमी करण्यासाठी होऊ लागला, तर तोही अन्यायच. टेफील्ड यांचे चेंडू सांगताना बापूंना खाली ओढण्याचे कारण नाही आणि बापूंचा गौरव करताना टेफील्ड यांना विसरण्याचेही नाही.

शून्य बळींच्या पलीकडे

प्रश्नमंजूषेचा एक दोष असा, की ती संपूर्ण माणसाला एका ओळीत कोंडते. ज्या डावाने बापू नाडकर्णी अजरामर झाले, त्या डावात त्यांना एकही बळी मिळाला नव्हता आणि तो सामनाही अनिर्णित राहिला. त्याच मालिकेत फेब्रुवारीत कानपूरला भारतावर फॉलोऑनची वेळ आली, तेव्हा बापूंनी नाबाद ५२ आणि नाबाद १२२ धावा करून पराभव टाळण्यास मोठा हातभार लावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मद्रासच्या त्याच मैदानावर, ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी ३१ धावांत ५ आणि ९१ धावांत ६, असे एकूण ११ बळी घेतले. १९६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये भारताने परदेशातील पहिली कसोटी मालिका जिंकली, त्या मालिकेत वेलिंग्टनला त्यांनी ४३ धावांत ६ गडी बाद केले. कसोटीत ८८ बळी आणि १४१४ धावा, प्रथम श्रेणी सामन्यांत ५०० बळी आणि ८८८० धावा, एवढा ऐवज मागे ठेवून १७ जानेवारी २०२० रोजी ते निवर्तले.

जो केवळ काटकसर करतो, त्याला कृपण म्हणतात. जो वायफळ खर्च टाळून गरजेच्या वेळी भांडार मोकळे करतो, तो कुशल गृहस्थ होय. बापूंची पूर्ण खतावणी वाचल्यावर ते दुसऱ्या वर्गात बसतात. एकाच पानावर थांबणाऱ्याला ते केवळ चिक्कू गोलंदाज वाटत राहतात. म्हणून नाशिकच्या घराघरांत मुलांना ‘सलग किती निर्धाव षटके?’ असे विचारून झाल्यावर, ‘आणि कानपूरला काय घडले?’ हा दुसरा प्रश्नही विचारला जावा.

घरातल्या घरात विचारण्यासाठी तीन प्रश्न

१. पन्नाशी उलटल्यावर रणजी सामन्याच्या दोन्ही डावांत शतके झळकावणारा महाराष्ट्राचा फलंदाज कोण?
२. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्याने कोणी केल्या?
३. महाराष्ट्राने रणजी करंडक प्रथम कोणत्या हंगामात जिंकला?

उत्तरे : १. प्रा. दि. ब. देवधर, १९४४-४५ मध्ये नवानगरविरुद्ध, १०५ आणि १४१. २. विजय हजारे, १९४३-४४ च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, हिंदू संघाविरुद्ध ‘रेस्ट’ संघाकडून. ३. १९३९-४० मध्ये, प्रा. देवधर यांच्या नेतृत्वाखाली.