थेंबाचा काठ

मराठींत क्षणभंगुर वैभवाला अळवावरच्या पाण्याची उपमा देतात. उपमा यथार्थ आहे; मात्र तें पाणी नाहींसें होतें, तें लवकर सुकतें म्हणून नव्हे, तर पानावर त्याच्या काठाला थारा मिळत नाहीं म्हणून.

पाण्याचे कण परस्परांस ओढून धरतात. या पृष्ठताणामुळें थेंब गोल होऊं पाहतो. उलट ज्या पृष्ठावर तो टेकतो, तें त्याला आपल्याकडे ओढीत असतें. या ओढाताणीचा निकाल काठाशीं होणाऱ्या कोनांत दिसतो, हा विचार टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानें १८०५ सालीं मांडला. स्वच्छ कांचेवर हा कोन अगदीं लहान असतो व पाणी पसरतें. अळूच्या व कमळाच्या पानांवर मेणाचें आवरण असलेले सूक्ष्म उंचवटे असतात. थेंब त्यांच्या माथ्यांवर टेकतो, खालीं हवा राहते. कमळावर हा कोन १५० अंशांहूनहि अधिक भरतो. असा थेंब पानावरील धूळ घेऊनच घरंगळतो.

थेंब सुकतांनाहि सत्ता काठाचीच असते. सांडलेल्या कॉफीचा डाग मध्यें फिका व कडेला गडद कां उमटतो, याचा उलगडा शिकागो विद्यापीठांतील डीगन प्रभृति संशोधकांनीं १९९७ सालीं केला. काठ एका जागीं अडकून राहतो आणि तेथें पाण्याची वाफ जलद होते. ती तूट भरून काढण्यास मधलें पाणी बाहेर धांवतें व कॉफीचे कण बरोबर नेऊन कडेशीं टाकतें. बशीवर थेंब सुकवून कोणासहि हें वलय घरीं पाहतां येईल.

या ज्ञानाचें मोल शेतांत कळतें. कोबीच्या मेणचट पानांवर नुसत्या पाण्यांत कालविलेलें औषध फवारलें, तर बरेचसे थेंब मातींत पडतात. पैसा वायां जातो, कीड जगते आणि विष जमिनींत उतरतें. म्हणून फवाऱ्यांत साबणासारखा पृष्ठताण कमी करणारा पदार्थ मिसळतात. मग थेंब पसरून पानाला चिकटतो. परंतु तोहि बेतानेंच घालावा लागतो. प्रमाण वाढलें, तर अति पसरलेलें पाणी पानावरून वाहून जातें. शिवाय पसरलेला थेंब लवकर सुकतो. थेंब न घरंगळावा, न वाहावा, एवढें साधण्यांतच फवारणाऱ्याचें सारें कौशल्य आहे.