संघारामापासून सामायिक अन्नवनापर्यंत

तथागतांच्या चारिकेतील स्थळांची नावे आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. राजगृहाचे वेळुवन, श्रावस्तीचे जेतवन, जीवकाचे आम्रवन, वैशालीतील आम्रपालीचे आम्रवन. ही नावे इमारतींची नाहीत, बागांची आहेत. पाली भाषेत ‘आराम’ या शब्दाचा अर्थच उपवन असा आहे आणि संघाराम म्हणजे संघाचे उपवन. विसाव्या शतकात बाबासाहेबांनी औरंगाबाद येथील मिलिंद महाविद्यालयाच्या परिसराला ‘नागसेनवन’ हे नाव दिले, त्यामागेही हीच परंपरा असावी असे मानावयास जागा आहे. विद्या आणि वृक्ष यांचे सान्निध्य आपल्या परंपरेला नवे नाही.

आज जगातील अनेक शहरांत नागरिक स्वयंसेवक म्हणून एकत्र येतात, सार्वजनिक जागेवर खाण्याजोगी झाडे लावतात, ती जोपासतात आणि फळ वाटून घेतात. अशा जागेला ‘फूड फॉरेस्ट’ म्हणजे अन्नवन असे म्हटले जाते. हे अन्नवन कसे असते, ते कोणाच्या श्रमावर उभे राहते आणि रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्या समाजाशी त्याचा काय संबंध आहे, याचा विचार या लेखात आम्ही करणार आहोत.

वाडी आणि आराम

प्रयाग येथील स्तंभावर सम्राट अशोकाच्या राणीच्या दानांविषयीचा एक लहानसा लेख आहे. त्यात दानाच्या वस्तू सांगताना ‘अंबावडिका’ आणि ‘आलम’ म्हणजे आराम, हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. अंबावडिका म्हणजे आमराई. आपल्या किनाऱ्यावर नारळ-सुपारीच्या बागेला आपण जी ‘वाडी’ म्हणतो, ती याच शब्दकुळातील आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात बत्तीस हजार नारळाची झाडे चरकांच्या परिषदांना दान दिल्याची नोंद आहे. नारळाच्या बागांचे दान करण्याची प्रथा या भूमीत सुमारे दोन हजार वर्षांची आहे, हे यावरून ध्यानी येते.

राजपुरीच्या खाडीलगत असलेली कुडा लेणी आपल्याच जिल्ह्यातील. तेथील शिलालेखांत वैद्य, लोखंडाचा व्यापारी, माळाकार म्हणजे फुलमाळी आणि भिक्खुणी अशा दात्यांचे उल्लेख आढळतात. पश्चिम भारतातील लेण्यांमध्ये दान पुष्कळदा ‘चातुद्दिस’ म्हणजे चारही दिशांच्या संघाला दिलेले असते. ते कोणा एका भिक्खूचे नसते. जो येईल त्याचे असते. सामायिक मालमत्तेची इतकी व्यापक कल्पना त्या काळी या डोंगरकपारीत कोरली गेली.

मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने एक प्रश्न टाळता कामा नये. या आरामांची निगा कोण राखीत असे? विनयाच्या नियमांनुसार भिक्खूने जमीन खणावयाची नाही व वनस्पती तोडावयाची नाही. ते काम ‘आरामिक’ नावाचे सेवक करीत. महावग्गात बिंबिसार राजाने पिलिंदवच्छ स्थविरांसाठी असे पाचशे आरामिक दिल्याची कथा आहे. म्हणजे बाग सर्वांची, परंतु तिच्या मातीत हात घालणारे निराळे, ही विभागणी त्याही काळी होती. आजच्या अन्नवनाचे वेगळेपण नेमके येथे आहे. त्याचे उपभोक्ते आणि त्याचे आरामिक एकच असतात.

अन्नवनाची रचना

अन्नवनाची रचना समजण्यास आपल्याला परदेशी पुस्तकाची गरज नाही. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड किंवा अलिबागजवळच्या नागाव-चौलची वाडी डोळ्यांसमोर आणावी. सर्वांत वर नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीच्या खोडावर मिरीचा वेल, सावलीत जायफळ, मध्ये केळी आणि जमिनीलगत हळद, आले, अळू. प्रत्येक झाड निराळ्या उंचीवरचा प्रकाश घेते व निराळ्या खोलीवरचे पाणी. पडलेल्या झावळ्या व पाने तेथेच कुजून माती होतात. जंगलाचा नियम वापरून केलेली ही शेती आहे.

या रचनेचे महत्त्व ३ जून २०२० रोजी साऱ्या किनाऱ्याला कळले. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्याने लावलेली सुपारी फळास येण्यास साधारण पाच ते आठ वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालवायचे? सुरण, अळू, रताळी, केळी, शेवगा ही पिके मात्र काही महिन्यांत किंवा वर्षभरात अन्न देऊ लागतात. ज्या बागेत उंच झाडांबरोबर कंद, वेल आणि झुडपेही असतात, ती संकटानंतर लवकर सावरते.

वाडी आणि अन्नवन यांत भेद एवढाच, की वाडीला कुंपण असते आणि तिला मालक असतो. कोकणात खोतीच्या काळी ज्यांनी वाड्या शिंपल्या त्यांच्या नावावर त्या नव्हत्या. म्हणूनच १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे शेतकऱ्यांनी संप केला व तो कित्येक वर्षे चालला. म्हणूनच १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जमिनीचा इतिहास विसरून हिरवाईविषयी बोलणे आपल्याला परवडणारे नाही.

खाडीपलीकडचे उदाहरण

रेवस किंवा मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या आपल्या कित्येक पिढ्यांना मुंबई बंदर परिचयाचे आहे. याच बंदराच्या, म्हणजे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या, कामगारांच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी एक प्रयोग आरंभिला. स्वयंपाकघरातून रोज निघणारी भाज्यांची साले, देठ व उरलेले अन्न बाहेर टाकण्याऐवजी त्यांची गच्चीवरच माती करण्यात आली आणि त्या मातीत फळझाडे व भाज्या वाढू लागल्या. पुढे ‘अर्बन लीव्हज’ या नावाने स्वयंसेवकांचा गट उभा राहिला व शहरातील सामायिक जागांवर असेच काम करू लागला. त्यांच्या पद्धतीमागे कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’चा विचार आहे. सामान्य माणसाने स्वतः प्रयोग करावा, निरीक्षण लिहून ठेवावे आणि ज्ञान वाटावे, हे त्याचे सूत्र.

या पद्धतीतील ‘अमृत जल’ कोणालाही घरी करता येते. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र व पन्नास ग्रॅम काळा गूळ मिसळावा. मिश्रण तीन दिवस ठेवून रोज ढवळावे आणि मग दसपट पाण्यात पातळ करावे. त्यात सुका पालापाचोळा भिजवून, थोडी माती मिसळून ढीग रचला व तो वेळोवेळी उलथला, की काही महिन्यांत काळी, भुसभुशीत माती तयार होते. पालापाचोळा जाळणाऱ्या प्रत्येक वसाहतीने हे जाणून घ्यावे.

मुंबईतच मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांची ती जागा पूर्वी शहराचा कचरा टाकण्याची होती. तेथे झाडे लावून १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. नाकारलेल्या जमिनीवरही वन उभे राहू शकते, याचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा. अमेरिकेतील सिएटल शहरात महापालिकेच्या सुमारे सात एकर जागेवर २०१२ पासून नागरिकांनी ‘बीकन फूड फॉरेस्ट’ वाढविले आहे. तेथील फळ कोणीही तोडावे. कष्ट केले की नाही हे विचारले जात नाही.

महाडचा धडा

सामायिक जागेचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फार पूर्वी विचारला गेला. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्य वर्गाला खुल्या कराव्यात असे म्हटले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले; नंतर विरोधकांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. न्यायालयीन लढ्याचा अंतिम निकाल १९३७ साली लागला. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागा यांचा उल्लेख येतो, त्यामागे या संघर्षाची सावली आहे.

महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती : मेलेल्या जनावरांचे मांस सोडा. म्हणजे महाडने एकीकडे सर्वांच्या पाण्यावर हक्क सांगितला, तर दुसरीकडे जन्माने लादलेल्या हीन जिण्याचा त्याग केला.

येथे पालकांचा एक आक्षेप आमच्या कानी वारंवार येतो आणि तो क्षुल्लक नाही. ‘आमच्या आईबापांनी शेण उचलले, गावाचा केर काढला. त्यातून मुलांना बाहेर काढण्यासाठी आम्ही त्यांना वसतिगृहात ठेवून शिकविले. आता तुम्ही त्यांच्या हातात पुन्हा पाटी देता?’ हा प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

आमचे उत्तर असे. गावगाड्याने लादलेले काम आणि सर्वांनी वाटून घेतलेले काम दिसायला सारखे असले, तरी एक नव्हे. कामातील अपमान शेणात किंवा सालपटात नव्हता. ते काम अमुक जातीनेच करावे व इतरांनी त्याला शिवू नये, या नियमात होता. त्या नियमाला तडा कधी जातो? ओल्या कचऱ्याची बादली ज्या दिवशी सोसायटीचा अध्यक्ष, बँकेतील अधिकारी, शिक्षक, गृहिणी आणि विद्यार्थी पाळीपाळीने उचलतात, त्या दिवशी. बागेत फक्त आपली मुले माती उकरणार असतील आणि बाकीचे फीत कापायला येणार असतील, तर अशा बागेत आपल्या मुलांनी मुळीच जाऊ नये. परंतु जेथे पाळीपत्रकातून कोणालाच सूट नाही, तेथे आपली मुले इतरांइतकीच मालक आहेत आणि इतर त्यांच्याइतकेच आरामिक.

प्रत्यक्ष आरंभ करताना

माजी विद्यार्थी आज अलिबाग, पेण, उरण, पनवेल, नवी मुंबईत स्थायिक आहेत. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाल्यापासून मुंबई आणखी जवळ आली आहे. जमिनीला भाव येतो तेव्हा मोकळ्या जागा प्रथम आकसतात. म्हणून काही गोष्टी सुचवितो.

पहिली, परवानगी लेखी घ्यावी. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी वनीकरण आणि उद्याने हे विषय नगरपालिकांच्या कार्यसूचीत आले आहेत. त्यामुळे नगरपरिषदेकडे अर्ज करणे ही याचना नसून नागरिकाचा व्यवहार आहे.

दुसरी, उन्हाळ्याची तयारी आधी करावी. आपल्याकडे पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांचा. वृक्षारोपणाची छायाचित्रे जूनची असतात आणि रोपांचे मरण एप्रिलचे. पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार, याची नावानिशी यादी झाल्याशिवाय खड्डा खणू नये. बुंध्याशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन ठेवले, तर पाणी कमी लागते.

तिसरी, समुद्राच्या बाजूला खारा वारा अडविण्यासाठी उंडीसारखी झाडे लावावीत व त्यांच्या आडोशाला कोकम, फणस, नीरफणस, शेवगा, कढीपत्ता, केळी लावावीत.

चौथी, फळवाटपाचा नियम फळ धरण्यापूर्वी ठरवावा. वाटेवरच्या माणसाला, मोलकरणीला, रखवालदाराला त्या फळावर तितकाच हक्क असावा आणि तसा फलक दारावर लावावा.

पाचवी, कामाची वही ठेवावी. कोण आले, काय केले, कोणते रोप जगले हे लिहावे. वही नसली की श्रेय मोठ्यांकडे आणि श्रम लहानांकडे जातात.

संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात उद्याने व वने लावणाऱ्यांचे, पूल बांधणाऱ्यांचे, पाण्याची सोय करणाऱ्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते, असा आशय आहे. झाड रात्रीही वाढते, म्हणून हा दृष्टांत साधा आणि खरा वाटतो. महाडला आपण सामायिक पाण्यावरचा हक्क मिळविला. सामायिक जमिनीची निगा राखण्याचे काम कोणा एकाच्या जन्मावर सोपविले जाऊ नये, हे पाहणे आता आपल्या पिढीकडे आले आहे. संविधानाच्या एक्कावन्न-क अनुच्छेदाने निसर्गाचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे, आणि त्यातील ‘प्रत्येक’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे.