राखणदाराच्या पोटातले जंत, कळपाच्या जिवावर

पावसाळा सरला की साक्रीकडचे ठेलारी बांधव मेंढरं घेऊन निघतात. तुमच्या शेतात मेंढरं बसली की वाघरीभोवती कुत्र्यांचे कुटुंबच दिसते. पिल्लू मेंढरांतच वाढते, कळपालाच घर समजते. लांडगा आला की तेच आधी उठते. हिमाचलात गद्दी मेंढपाळांचे दांडगे डोंगरी कुत्रेही हेच काम करतात; बिबट्याने नरडे धरू नये म्हणून त्यांच्या गळ्यात लोखंडी पट्टा बांधतात.

पण आपली एक चूक होते. मेंढरू मेले की डोके-आतडी कुत्र्यापुढे टाकतो. मेंढीच्या मेंदूतील फोड खाल्ला की कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतो. त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात. तो चारा खाल्लेली मेंढी पुढे गरगर फिरते, दगावते. काळीज-फुफ्फुसातील फोडांचा कृमी तर माणसालाही बाधतो.

तेव्हा मेलेले जनावर खोल पुरा. पशुवैद्यकांना विचारून कुत्र्यांना दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्या, दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. कुत्र्याला हात लावल्यावर पोरांना हात धुवायला लावा. कुत्रा चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. ग्रामसेवकांनीही वाडा गावात उतरला की पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.