एस. टी.ची फेरी आणि तिचा जमाखर्च

गिरणेच्या काठी वसलेल्या भडगावास आगगाडी नाही. भुसावळ-चाळीसगाव लोहमार्ग पाचोरा व कजगाव या स्थानकांवरून निघून जातो. म्हणून खेड्यांतील ज्या मुलांच्या घरी वाहन नाही, त्यांची सारी भिस्त एस. टी.च्या गाडीवर असते. सकाळची फेरी रद्द झाली म्हणजे पहिला तास बुडतो. सायंकाळची झाली म्हणजे मुलींच्या आईबापांच्या जिवास घोर लागतो. अशा वेळी सर्वांचा राग बिचाऱ्या वाहकावर निघतो. परंतु कारण शोधावयाचे तर गाडीच्या जमाखर्चात डोकावले पाहिजे.

ही सरकारी मोटारसेवा १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर सुरू झाली. पुढे १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने अशा संस्थांवर दोन कर्तव्ये लादली. पुरेशी व स्वस्त सेवा द्यावी, हे एक. आणि कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा, हे दुसरे. एका चाकराने दोन धन्यांची मर्जी राखावी, तशीच ही अवस्था होय!

गाडीत पन्नास उतारू असोत वा पाच, डिझेल तेवढेच जळते आणि चालकाचे वेतनही तेवढेच द्यावे लागते. खेड्याकडून सकाळी खच्चून भरून आलेली गाडी परत जाताना बहुधा रिकामी असते. शिवाय १९५८ च्या कायद्याने तिकिटाच्या उत्पन्नावर प्रवासी कर बसविला, एस. टी.स तो साडेसतरा टक्क्यांपर्यंत पडत आला आहे. तोट्यात चाललेल्या संस्थेकडून सरकारने कर घ्यावा आणि पुढे तिलाच साहाय्य द्यावे, हा व्यवहार आम्हांस तरी चमत्कारिक वाटतो.

आता सवलतींचे पाहू. ग्रामीण भागातील इयत्ता ५ वी ते १२ वीच्या मुलींस शाळेसाठी मोफत पास मिळतो. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे भाडे झाले. या सवलती योग्यच आहेत, व त्यांची भरपाई शासन महामंडळास देते. मात्र ती भरपाई झालेल्या प्रवासाची असते. जी फेरी सुटलीच नाही, तिच्यामुळे घरी राहिलेल्या मुलीचा दिवस कोणाच्याच खातेवहीत चढत नाही. पास हाती आहे, पण गाडी नाही, तर त्या पासाचे मोल काय?

गाड्यांची संख्याही घटली. करोनापूर्वी महामंडळाजवळ सुमारे १८,००० गाड्या होत्या. नंतर त्या १५,००० च्या आसपास उतरल्या. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. भाडेवाढीने तूट काहीशी भरून निघेल. परंतु तोट्याच्या मार्गावरील फेरी तेवढ्याने टिकेल, असा भरवसा नाही. युरोपातील अनेक देशांत शासन करार करून ठराविक फेऱ्यांसाठीच द्रव्य देते, मग उतारू थोडे असोत की फार. शाळेच्या वेळेच्या फेऱ्यांपुरती तरी ही रीत आपल्याकडे यावी, असे आमचे मत आहे.

तोवर पालकांनी 'गाड्या वाढवा' असा मोघम अर्ज करू नये. कोणत्या गावचे किती विद्यार्थी, शाळा केव्हा भरते व सुटते, कोणत्या तारखांस कोणती फेरी आली नाही, हे सर्व टिपून ग्रामपंचायतीच्या ठरावासह आगारप्रमुखांकडे द्यावे व अर्जाची पोच घ्यावी. तारखांची ही वही वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस सहज ठेवता येईल.